पन्हाळा : डोंगरमाथ्यावरचे गाव

बंगळूरला राजाजीनगरात आमच्या घरी नळाला पाणी आले नाही की टँकर मागवतात. दिवाळीच्या सुट्टीत आजोबांबरोबर पन्हाळा पाहिला. मी विचारले, "आजोबा, वेढा पडल्यावर इथे पाणी कुठून येणार?" ते हसून मला अंधारबावीकडे घेऊन गेले.

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने हा गड बांधला. तीन मजली अंधारबावीत तळाशी पाणी, वर पहाऱ्याची जागा आणि बाहेर निघण्याची चोरवाट आहे. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे आहेत. म्हणून १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड महिनोन्महिने टिकला. पण साठा कधीतरी संपतोच. जुलैच्या पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले. बाजीप्रभूंनी खिंड अडवून प्राण दिले.

इराकच्या कुर्दी भागातील आमेदी हेही असेच डोंगरमाथ्यावरचे प्राचीन गाव. दोन्हीकडे आजही माणसे राहतात. २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत आला.

गेल्या सत्रातील मार्चमध्ये मी पहिल्याच मैलात बाटली रिकामी केली होती. मित्रांनो, तट शत्रूला अडवतो. टिकवते ती काटकसर.