किरायदार घर सोडतो तेव्हा

आमच्या सानगडी गावात घर किरायाने द्यायला एजंट लागत नाही. बदलीवर आलेले मास्तर, नर्सबाई, बँकेतले बाबू कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने येतात आणि पुढची ऑर्डर निघाली की सामान बांधतात. येताना चहापाणी होतं, जाताना मात्र अनामत रकमेवरून तोंडं वाकडी होतात. ती होऊ नयेत म्हणून मालकानं पाळायच्या या गोष्टी.

१. घर दोनदा बघावं. आठेक दिवस आधी, विचारून, वेळ ठरवून एकदा. म्हणजे तुटकी कडी, गळका नळ किरायदार आपल्या मिस्त्रीकडून करून घेऊ शकतो. दुसऱ्यांदा घर रिकामं झाल्यावर, उजेडात, त्याच्यासमोर. चावी हाती येईपर्यंत ते त्याचं घर. मालकी आपली आहे म्हणून बाई घरात एकटी असताना आत शिरणं शोभत नाही.

२. वयानं झालं ते मालकाचं, हातानं झालं ते किरायदाराचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ हेच सांगतं: वेगळं काही ठरलं नसेल तर घर घेतलं तसं परत द्यायचं, पण नेहमीच्या वापरानं झालेली झीज त्यात धरायची नाही. उडालेला चुना, उंबऱ्याशी झिजलेली फरशी, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक यांचे पैसे मागू नयेत. कवेलू वानरांनी फोडले तर तेही आपल्याच खात्यात. वानरांकडून अनामत कोण घेणार?

३. खरा वाद कूलरचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन नाही, त्यामुळे खिडकीत कूलर बसवला ही तक्रार होऊ शकत नाही. पण टाकी भरायला पाइप लावून माणूस झोपला, रोज पाणी ओसंडून भिंतीत मुरलं, तर खिडकीखालचा गिलावा फुगतो. बोटानं ठोकलं की पोकळ वाजतो, पांढरा खार वर येतो. असं दिसलं की आधी बाहेरच्या बाजूनं बघावं. खिडकीवरचं छज्जं फुटलं असेल, पावसाचं पाणी तिथूनच उतरत असेल, तर दोष घराचा. छज्जं धड आणि ओल फक्त कूलरच्या खालीच, तर तेवढ्या पट्ट्याच्या गिलाव्याचा खर्च मागायला हरकत नाही. अख्ख्या खोलीच्या रंगाचा मागणं म्हणजे लूट.

४. राहायला येतानाचे फोटो आणि दोघांच्या सहीची यादी नसेल तर वाद घालू नये. पंखा आधीच आवाज करत होता की नाही, हे कोण शपथेवर सांगेल?

५. महावितरणच्या मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून बघावं, मोबाइलवर फोटो काढावा. मीटर आपल्या नावावर असतं, थकबाकीही आपल्याच दारी येते. बोअरची मोटर चालू करून बघावी. नहाणीत बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जातं तेही बघावं.

६. बदल्या बहुधा उन्हाळ्यात होतात. तेव्हा छत खडखडीत कोरडं असतं आणि सगळंच ठीक वाटतं. म्हणून किरायदाराला विचारावं, "मास्तर, पावसाळ्यात भांडं कुठं ठेवत होता?" कवेलूची कोणती ओळ सरकते, सांदवाडीतलं पाणी कोणत्या भिंतीला लागतं, उधई कोणत्या चौकटीत आहे, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. पण पैशावरून आधीच भांडण झालं असेल तर तो कशाला सांगेल? मी हे विचारणं हिशेबाच्या आधी ठेवतो.

७. अनामत चावी हाती येते त्याच दिवशी परत द्यावी. कापायची असेल तर मिस्त्रीचा आकडा कागदावर घ्यावा आणि तेवढीच कापावी. केंद्रानं २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही रास्त वजावट करून उरलेली रक्कम ताबा घेतानाच परत करावी, असंच आहे. पैसे आणि चावी दोन्हींची पोच एकाच कागदावर घ्यावी. ग्रामपंचायतीची पाणीपट्टी वर्षाची येते. त्यातला त्याच्या महिन्यांचा वाटा त्याच कागदावर लिहून टाकावा, नाहीतर मार्चमध्ये फोन करून मागायची पाळी येते.