जंतुदोष आणि मूत्रपिंडे

हुबळी-धारवाडच्या मोठ्या रुग्णालयांत अत्यवस्थ रुग्णास घेऊन जाणाऱ्या मंडळींस डॉक्टर एक प्रश्न हटकून विचारतात: "शेवटची लघवी केव्हा झाली?" ताप किती होता हे सर्वांस पाठ असते, या प्रश्नास मात्र बहुधा उत्तर नसते. आमच्या परिचयाच्या एका आजोबांस हल्याळकडून आणले, तेव्हा आम्हीही असेच गप्प राहिलो होतो. पायाची जखम चिघळलेली, तीन दिवस ताप, आणि दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या चालू. लघवी आदल्या दुपारपासून झालीच नव्हती. संकोचापायी ते बोलले नाहीत.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. दिवसाकाठी तेथे सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो व बहुतेक सारा परत रक्तात घेतला जातो; उरते ती दीड-दोन लिटर लघवी. जंतूंशी झुंजताना शरीराचा प्रतिकार बेताल होऊन आपल्याच इंद्रियांस इजा करू लागला, म्हणजे त्यास सेप्सिस म्हणतात. रक्तदाब उतरून रक्त कमी पडते म्हणूनच मूत्रपिंडे थांबतात, असे पूर्वी समजत. आता असे दिसून आले आहे की, रक्त पुरेसे पोचत असतानाही सूक्ष्म वाहिन्यांतील प्रवाह विस्कळीत होतो आणि आतील पेशी काम आवरते घेतात. त्या सर्व मरतातच असे नाही, म्हणूनच मूत्रपिंडे पुन्हा चालू होण्याची आशा असते.

२०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली, तर इजा झाली असे धरतात. साठ किलोच्या माणसास सहा तासांत १८० मिलिलिटरही नाही, असा हा हिशेब! रक्तातील क्रिएटिनिन वाढते खरे, पण ते मागाहून. खाटेशी टांगलेल्या पिशवीकडे परिचारिका तासातासाला पाहते, ती याचसाठी.

उपचारात मूळ जंतुदोष आवरणे पहिले. रक्तदाब कोसळला असेल तर जंतुनाशक औषध तासाभरात द्यावे लागते; पू असेल तर काढावा लागतो. सलाइन मोजूनच देतात; जास्त झाल्यास ते फुप्फुसांत साठते. अंगदुखीच्या बहुतेक गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटवतात, त्या ताबडतोब बंद.

डायलिसिसविषयी नातेवाइकांत दोन टोके दिसतात. कोणी "एकदा लावले की जन्माचे" म्हणून घाबरते. पण कोल्फ यांच्या यंत्रामुळे वाचलेली पहिली रुग्ण, हॉलंडमधील ६७ वर्षांची स्त्री, पित्ताशयाच्या दाहाने अत्यवस्थ होती. १९४५ साली रक्त एकदा शुद्ध केल्यावर तिची मूत्रपिंडे पुन्हा चालू झाली. कोणी उलट "आत्ताच लावा" असा हट्ट धरते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे तीन हजार रुग्णांच्या अभ्यासात घाईने सुरू केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. पोटॅशियम फार वाढले, रक्तातील आम्ल आवरेना वा फुप्फुसांत पाणी भरले, तर मात्र थांबत नाहीत.

आजोबांस चार वेळा डायलिसिस लागले. नंतर लघवी सुरू झाली. घरी सोडताना तीन महिन्यांनी क्रिएटिनिन तपासण्यास सांगितले होते. ती तपासणी पुष्कळ जण विसरतात. त्यांच्या सुनेने तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवली.