एडिटर राहू दे, आधी ‘दुसऱ्या’ लिहून बघ

पिंके, काल तू एका दमात पाच टेक्स्ट एडिटरांची नावं घेतलीस आणि विचारलंस, “ताई, ह्यातला चांगला कुठला?” माझ्या तव्यावर चपाती होती, म्हणून ‘निवांत सांगते’ म्हणाले. आता ऐक.

आधी तुझ्या ओळखीतल्या त्या दोन पोरांचं मनावर घेणं बंद कर. एक विमवाला, एक व्हीएस कोडवाला. त्यांचं भांडण म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच. पोरगं कुठल्या गल्लीत वाढलं त्यावर टीम ठरते, खेळ बघून कुणी ठरवत नाही. तू शेंगा खा आणि घरी ये.

तुझं काम काय? एम. ए.च्या प्रकल्पासाठी गावाकडचे शब्द टिपून ठेवायचे. म्हणजे दिवसभर देवनागरी. त्या पोरांचं सगळं काम इंग्रजी अक्षरांत चालतं. मग त्यांचं उत्तर तुला कसं लागू पडेल गं?

माझी फजिती तुला कधी सांगितली नव्हती. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी एका छापखान्यात बसायचे. लग्नपत्रिकेचा मजकूर कॉम्प्युटरवर आयत्या मिळणाऱ्या साध्या एडिटरमध्ये, नोटपॅडमध्ये, टाइप केला. सेव्ह करताना चौकट आली, इंग्रजीत काहीतरी विचारत होती. कोण वाचतंय! ओके दाबलं आणि गेले घरी. सकाळी फाइल उघडली तर नवरा प्रश्नचिन्ह, नवरी प्रश्नचिन्ह, मुहूर्तसुद्धा प्रश्नचिन्ह. ‘कोल्हापूर’च्या जागी मोजून नऊ. नऊच का, ते नंतर कळलं. आपल्याला त्या शब्दात चार अक्षरं दिसतात, पण कॉम्प्युटर क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र असे नऊ तुकडे मोजतो. मी फाइल एएनएसआय पद्धतीत जतन केली होती. त्या पद्धतीत मराठीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याचं प्रश्नचिन्ह झालं. यूटीएफ-८ मध्ये ह्याच तुकड्यांना प्रत्येकी तीन बाइट मिळतात, सगळे मिळून २७, आणि मजकूर सुखरूप राहतो. चूक माझीच, पत्रिका पुन्हा टाइप करावी लागली. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ मध्ये ठेवतं, त्यामुळे तुझ्यावर ही वेळ सहसा यायची नाही. तरी खाली कोपऱ्यात एन्कोडिंगचं, म्हणजे ह्या जतन करायच्या पद्धतीचं, नाव असतं, ते बघायची सवय लाव.

आता कुठलाही एडिटर उघड आणि ‘दुसऱ्या’ लिह. ऱ्याचा तो वाकडा र, पापणीसारखा, नीट उमटतोय का? की नुसता हलन्त लटकतोय? मग बॅकस्पेस मार. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस एक मात्रा खातो आणि डिलीट अख्खं जोडाक्षर. दोन्ही करून बघ, हाताला कळू दे.

आणि तोच शब्द फाइलमध्ये शोधून बघ. हा ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्याच्यामागून न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही जुळ्या बहिणी. पण साधा एडिटर शोधताना फक्त आतलं बघतो, त्याला त्या सवतीसारख्या परक्या. तुझ्या शब्दसंग्रहात एकच शब्द दोनदा आला आणि शोधात एकदाच सापडला, तर वैतागू नकोस, ह्यामुळेच असतं. म्हणून कीबोर्ड एकच धर आणि तो बदलू नकोस. एडिटरपेक्षा हे जास्त महत्त्वाचं, माझं ऐक.

विमबद्दल वाईट बोलणार नाही. ब्रॅम मोलेनार नावाच्या डच माणसानं १९९१ मध्ये बाहेर आणलं. फुकट दिलं आणि बदल्यात युगांडातल्या गरीब मुलांसाठी मदत मागितली. उघडल्यावर ती ओळ अजून दिसते. तो २०२३ मध्ये गेला. पण विममध्ये लिहायला सुरुवात करायची तर आय दाबायचं असतं, आणि तुझा कीबोर्ड मराठीवर असला की आयवर येतो ग. विम बसतं ढिम्म! उपाय आहेत, पण शब्द गोळा करायला निघालेल्या पोरीनं ते कशाला शिकत बसायचं? व्हीएस कोड चांगलं आहे, पण त्याच्या आत अख्खा ब्राउझर बसलाय. तुझा लॅपटॉप माझा जुना, पंखा आत्ताच घरघरतो.

मी नोटपॅड प्लस प्लस वापरते. २००३ पासून आहे, फुकट आहे. खाली उजवीकडे एन्कोडिंग लिहिलेलं दिसतं, आणि लाइट गेली तरी न जतन केलेले टॅब बहुतेकदा परत येतात. आपल्याकडे पावसाळ्यात ह्याचं मोल तुला सांगायला नको. फॉन्ट मात्र मोठा कर. डोळ्यांना चष्मा मला लागलाय, तुला नको.

तुझ्या मॅडमनी दिलेली ती जुनी फाइल उघडल्यावर इंग्रजी गिचमिड दिसते म्हणालीस. ती एडिटर बदलून सुधारायची नाही. ती युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फॉन्टमधली आहे. आत खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत, फक्त फॉन्टनं मराठीचा मुखवटा घातला होता. कन्व्हर्टरमधून काढावी लागेल, रविवारी आण, दोघी मिळून बघू. र आणि रफार हमखास हलतात, तेवढे हातानं सरळ करू.

आणि त्या विमवाल्याला एकदा ‘दुसऱ्या’ लिहायला लाव. त्याच्या काळ्या पडद्यावर काय उमटतंय त्याचा फोटो मला पाठव.