फोटो तळाचा पाठव

हे बघ, तुझ्या नवऱ्याच्या हातात कसब आहे, त्याबद्दल वाद नाही. त्याने केलेल्या अक्रोडाच्या डब्यांचे फोटो मी सासऱ्यांनाही दाखवले. सांधे बघून ते नुसते 'हं' म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून 'हं' निघणं म्हणजे पुष्कळ झालं. पण 'ताई, तुमच्यासारखं अस्थिकलशांचं काम आम्ही इथे ओहायोत सुरू करू का?' असं तू विचारलंस, म्हणून स्पष्टच सांगते. तू पाठवलेले सगळे फोटो वरून काढलेले आहेत. तळाचा एकही नाही.

आमच्या शॉपमध्ये आधी बोलणं होतं ते तळाचं. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी सावडायला जातात, अस्थी वेचून मडक्यात घेतात. इकडे दहनानंतर उरलेली हाडं यंत्रात घालून त्यांची भरड करतात. ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात, सोबत नंबराचा धातूचा बिल्ला असतो, आणि हे सगळं एका साध्या डब्यात घरी येतं. मग कधीतरी घरातली लेक, सून, नाहीतर म्हातारा नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती पिशवी कलशात ठेवायला घेतो. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे तो माणूस, त्या क्षणीचा. तोंड अरुंद आहे म्हणून त्याला पिशवी फोडून चमच्याने राख भरावी लागली, तर वरची ती सुंदर नक्षी चुलीत घाल.

म्हणून तळाची फळी सुटी ठेवा आणि चार स्क्रूंवर बसवा. घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरने निघाली पाहिजे. पिशवी सबंध आत गेली पाहिजे. फळी गोंदाने चिकटवायची नाही, हे तुझ्या नवऱ्याला मी सांगायला नको. हिवाळ्यात हीटर लागला की लाकूड आकसतं, उन्हाळ्यात फुगतं, आणि जखडलेली रुंद फळी कधीतरी तडकतेच. तेव्हा स्क्रूची भोकं थोडी लांबट पाडा, म्हणजे फळीला हलायला जागा राहील.

मापाचा हिशेब सोपा आहे: माणसाचं वजन जितके पौंड, तितके घनइंच आतली जागा. म्हणून मोठ्या माणसाचा कलश साधारण 200 घनइंचांचा, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास धरतात. पिशवीच्या घड्यांसाठी वर थोडी जागा ठेवायची. अवघड असतं ते फोनवर विचारणं. नुकतीच बायको गेलेल्या माणसाला 'वजन किती होतं?' असं कसं विचारणार? मी 'त्यांची अंगकाठी कशी होती?' असं विचारते. मग माणूस बोलायला लागतो. ती बाग कशी करायची, शेवटी शेवटी किती रोडावली होती, सगळं सांगतो. ऐकून घ्यायचं. मध्ये 'मला कळतंय हो तुमचं दुःख' वगैरे घालायचं नाही. नाव आणि तारखा कोरायच्या असतील तर त्यांच्याकडून लिहून मागवायच्या, फोनवर ऐकून कधीच कोरायच्या नाहीत.

'राख तुमच्याकडे पाठवतो, तुम्हीच भरून द्या,' असंही कुणी म्हणेल. नाही म्हणायचं. इथे अस्थी फक्त सरकारी पोस्टानेच पाठवता येतात, तेही एक्सप्रेस सेवेने, आणि मार्च 2025 पासून पोस्टाच्याच ठरावीक खोक्यातून. पण नियमांचं सोड, कुणाच्या घरची ती जोखीम आपल्या तळघरात कशाला?

तळघरावरून आठवलं, जवसाचं तेल लावून झाल्यावर बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा, नाहीतर एकेक पसरून बाहेर वाळवा.

फ्युनरल होमवाले तुमचा कलश घेणार नाहीत ही भीती मनातून काढ. बाहेरून आणलेली शवपेटी किंवा कलश नाकारायचा नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही लावायचे नाहीत, असा इथला नियम आहे. लुइझियानातल्या सेंट जोसेफ मठातले संन्यासी साध्या लाकडी शवपेट्या करून विकायला लागले, तेव्हा राज्याच्या मंडळाने परवान्यावरून त्यांना अडवलं होतं. ते कोर्टात गेले आणि 2013 मध्ये वरच्या कोर्टातही जिंकले. मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं.

आता आपल्या माणसांबद्दल. तुझ्या मंडळातून फोन येणारच: बाबा गेले, दोन महिन्यांनी नाशिकला जाणार, तोवर अस्थी कशात ठेवू? त्यांना महागडा अक्रोडाचा कलश विकू नकोस. रामकुंडावर विसर्जन झाल्यावर तो रिकामा डबा कुणी घरात ठेवत नाही आणि टाकवतही नाही. पाइनचा साधा, हलका डबा द्या, वर लाल कापड बांधायला सांग. लाकूड असलं की विमानतळावर सोपं जातं, कारण क्ष-किरणांत आतलं दिसतं. धातूच्या भांड्यात ते दिसलं नाही तर अडवतात, आणि तिथले कर्मचारी आदरापोटी डबा उघडत नाहीत, तुम्ही विनवलं तरी. मृत्यूचा आणि दहनाचा दाखला हातातल्या बॅगेतच ठेवायला सांग. वकिलातीचे कागद तिकिटाआधी करायला सांग.

पैशांचं म्हणशील तर नुसत्या कलशांवर घर चालत नाही. आम्ही अजूनही स्वयंपाकघरातली कपाटं करतो, आणि वीजबिल त्यांतूनच निघतं.

राहिली आई. ती 'हा कसला अभद्र धंदा' म्हणणार, मलाही म्हणाली होती. तेव्हा मी तिला गावच्या बुरुडाची आठवण दिली. तिरडीचं सामान त्याच्याकडूनच यायचं आणि लग्नातल्या सुपल्याही त्याच्याचकडून. ती गप्प झाली, पटलं की नाही देव जाणे. तू काही बोलू नकोस तिच्याशी, रविवारी फोन करते तेव्हा मीच काढते विषय. तू तेवढा तळाचा फोटो पाठव.