धाव आणि चाक

तापविलेल्या लोखंडी कड्याची पोकळी वाढते की घटते? आम्ही वर्गात हा प्रश्न विचारतो, तेव्हा पुष्कळ विद्यार्थी 'घटते' असे म्हणतात. धातू आतल्या बाजूसही पसरत असणार, हा त्यांचा तर्क. तो चुकीचा असला तरी विचारपूर्वक केलेला आहे.

बैलगाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढविणारा लोहार ती लाकडी चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान घडवितो, गोवऱ्यांच्या आगीत तापवितो, चाकावर बसवितो आणि लगेच पाणी ओततो. लोखंड दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे 0.012 मिमी वाढते. दीड मीटर व्यासाच्या धावेचा परीघ 4.7 मीटर. तापमान 500 अंशांनी वाढले की तो जवळजवळ 3 सेंमीने व व्यास सुमारे 1 सेंमीने वाढतो. कड्याचा प्रत्येक अंश सारख्याच प्रमाणात वाढत असल्याने पोकळीही त्याच प्रमाणात वाढते. जणू तेथेही लोखंडच भरले होते! निवताना धाव आकसते आणि चाकाचे सर्व सांधे आवळून धरते. फारच लहान घडविली, तर चाक मोडते.

उन्हाळ्यात धाव सैल झाली की गाडीवान चाके पाण्यात भिजवीत. मात्र तेथे लाकूड आटते ते वाळल्यामुळे. हा भेद उत्तरपत्रिकेत हमखास चुकतो.