शिवारातील वन्य पशूंच्या वाटा व त्यांचे रक्षण

प्रत्येक गावाच्या शिवारात दोन प्रकारच्या वाटा असतात. एक माणसांनी आखलेली. ती गावनकाशावर सापडते. गाडीवाट दुहेरी तुटक रेघांनी व पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखविलेली असते. दुसरी वाट हरिण, ससा, कोल्हा, खोकड व लांडगा ह्यांनी पाडलेली. ती कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. परंतु ओढ्याच्या काठाने, गायरानाच्या कडेने व बांधाच्या आडाने ती पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. ही वाट तुटली असता पशूंचे काय होते, शेतकऱ्याचे काय होते, आणि ती पुन्हा सांधावयाची कशी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वाट कशासाठी लागते?

आपल्या बीड जिल्ह्यात दाट अरण्य फारसे नाही. पाटोदा तालुक्यात नायगाव येथे मोरांसाठी १९९४ साली अभयारण्य झाले, त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. माजलगाव तालुक्यात उत्तरेस गोदावरी, मधून सिंदफणा, आणि दक्षिणेस धारूरकडे बालाघाटचे डोंगर. येथील काळवीट व त्याचा कळप राहतो तो आपल्याच माळरानात, पडीत रानात व पिकांच्या मध्ये. त्यास एका जागी वर्षभर चारा नाही व पाणीही नाही. पावसाळ्यात माळावर, रब्बीत हरभरा-ज्वारीच्या रानाकडे, आणि उन्हाळ्यात नदीकाठी, अशी त्याची फिरती असते.

दुसरे कारण वंशाचे. लाल कंधारी जनावरे पाळणारा शहाणा शेतकरी त्याच वळूच्या कालवडी पुन्हा त्याच वळूस दाखवीत नाही. बाहेरगावचा वळू पाहतो. न पाहिल्यास चार पिढ्यांत वाण खुरटतो. रानातील कळपाचेही तसेच आहे. चोहो बाजूंनी रस्ता, कालवा व तारेचे कुंपण ह्यांत कोंडलेल्या कळपास बाहेरचा नर मिळत नाही, व एखाद्या रोगाने वा दुष्काळाने तो खचला म्हणजे शेजारून भरही येत नाही.

पशू किती दूर जातो ह्याचे प्रसिद्ध उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याच्या वाघाचे आहे. २०१९ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात ठिकाण कळविणारा पट्टा बांधला होता. तो शेते, ओढे व रस्ते ओलांडीत सुमारे १,३०० किलोमीटर चालून त्याच वर्षी डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढे २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरकडीलच दुसरा एक वाघ आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंगघाट अभयारण्यात आढळला. ह्या दोघांचा बहुतेक प्रवास राखीव जंगलातून झालेला नाही. तो आपल्यासारख्यांच्या शिवारांतून झाला.

रस्त्याखालील वाटा

रस्ता हा वाट तोडणारा पहिला अडथळा. माजलगाव येथे कल्याणहून परभणी-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ व खामगाव-पंढरपूर मार्ग हे दोन मोठे रस्ते एकमेकांस मिळतात. पूर्वीच्या अरुंद सडकेवरून हरिण दोन उड्यांत पार होई. रुंद, उंच भराव्याच्या व रात्रंदिवस वाहत्या रस्त्यावर ते साधत नाही. जनावर मरते, आणि मोटारसायकलीवरील माणूसही मरतो.

ह्यावर उपाय आहे, आणि तो महाराष्ट्रातच करून पाहिलेला आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या रानातून जातो. तो रुंद करण्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेरीस महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलून खालून पशूंस मार्ग ठेवण्यात आला. त्यांतील सर्वांत लहान मार्ग सुमारे ५० मीटर व सर्वांत मोठा ७५० मीटर रुंद आहे. २०१९ साली तेथे आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून भारतीय वन्यजीव संस्थेने मोजदाद केली. तीत १८ जातींचे पशू एकूण ५,४५० वेळा ये-जा करताना आढळले. ११ निरनिराळे वाघ ८९ वेळा तेथून गेले. चितळ व रानडुक्कर ह्यांची संख्या अर्थातच मोठी होती.

परदेशी कॅनडाच्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाच्या दुतर्फा कुंपण घालून वरून व खालून मिळून चाळीसहून अधिक मार्ग केले आहेत. तेथील गाड्यांचे व पशूंचे अपघात ८० टक्क्यांहून अधिक घटले. मात्र तपकिरी अस्वलांस त्या मार्गांची सवय होण्यास कित्येक वर्षे लागली. सबब आज मोरी बांधली व उद्या हरिण गेले नाही, म्हणून योजना फसली असे म्हणता येत नाही.

मोरीचे गणित

पशू मोरीतून जाईल की नाही हे केवळ तिच्या रुंदीवर ठरत नाही; पलीकडचा उजेड त्यास दिसला पाहिजे. अभ्यासक ह्यासाठी एक सोपा हिशेब करतात. मोरीची उंची व रुंदी ह्यांचा गुणाकार करून त्यास तिच्या लांबीने, म्हणजे रस्त्याखालील अंतराने, भागावे. सर्व मापे मीटरांत घ्यावीत. उदाहरणार्थ, उंची २, रुंदी ३ व लांबी ३० असल्यास ६ भागिले ३० बरोबर ०.२. अशा बोळकांडीतून मुंगूस, ससा, फार तर कोल्हा जाईल. हरिणजातीसाठी हा आकडा निदान ०.६ असावा असे सुचविले जाते. तीच मोरी उंचीस ४ व रुंदीस १० केली, तर ४० भागिले ३० म्हणजे १.३ हून अधिक होतो. आपले काळवीट तर उघड्या माळाचे जनावर. दुरून पाहून पळणे हेच त्याचे संरक्षण. त्याच्यासाठी जितका अधिक मोकळेपणा ठेवता येईल तितका ठेवावा. ओढ्यावरील पुलाखाली पाण्याखेरीज एका बाजूस कोरडी पट्टीही असली पाहिजे.

कालवा

रस्त्यावर निदान रात्री दोन वाजता तरी खळ पडतो. कालव्यावर तोही नाही. पैठणचा उजवा कालवा सुमारे १३२ किलोमीटर चालून माजलगावच्या जलाशयात येतो. सिंदफणेवरील हे धरण १९८७ साली झाले, व त्याचा उजवा कालवा पुढे परभणी-नांदेडच्या बाजूस जातो. ह्या पाण्याने आपली शेती उभी राहिली, हे आम्ही विसरत नाही. परंतु अस्तरीकरण केलेल्या कालव्याची बाजू गुळगुळीत व उतरती असते. तहानेने उतरलेले हरिण पुन्हा वर चढू शकत नाही. पोहून थकते व बुडते. ह्यास खर्च थोडाच आहे. ठरावीक अंतरावर बाजूस खडबडीत उताराची चढण करावी, आणि कालव्यावरील गाडीपुलांपैकी काही पूल रुंद ठेवून त्यांवर माती पसरावी.

काही शंका

कोणी म्हणेल, रानडुकरे व रोही आमचे पीक आधीच फस्त करीत आहेत. त्यांस आणखी वाटा कशास? शंका रास्त आहे. परंतु डुक्कर वाटेवाचून अडत नाही. त्यास उसाचा फड पुरतो. वाट तुटल्याने नाहीसे होतात ते खोकड, कोल्हा, लांडगा व काळवीट. पैकी खोकड व कोल्हा उंदीर खाऊन आपलेच काम करतात. शिवाय वाट बंद झालेला कळप नाहीसा होत नाही, तो पिकांतच कोंडून राहतो.

दुसरी भीती बिबट्याची. २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली व डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्यास गोळी घालावी लागली, हे आपण विसरू शकत नाही. म्हणून वाट वस्तीजवळून, शाळेजवळून वा गोठ्यालगत राखू नये. ती ओढ्याच्या अंगाने व घरांपासून दूरच असावी.

तिसरा प्रश्न जमिनीचा. गायराने मोकळी करावीत असे सांगणे सोपे आहे, व २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांविषयी सर्व राज्यांस निर्देशही दिलेले आहेत. पण मराठवाड्यात कित्येक भूमिहीन कुटुंबे गायरानाचा तुकडा कसूनच पोट भरतात. त्यांस उठवून हरणास वाट करणे न्यायाचे होणार नाही. प्रथम आम्ही खातेदारांनी आपल्या सातबाऱ्याकडे पाहावे. पोटखराब्याच्या ‘ब’ वर्गात ओढे, नाले व रस्ते ह्यांची जमीन येते. ती लागवडीची नव्हे व आपल्या मालकीच्या थाटात नांगरण्याचीही नव्हे. दर नांगरटीस हातभर सरकत ती पट्टी कोणी गिळली, हे प्रत्येक शिवारात सर्वांस ठाऊक असते.

काय करावे?

१. ओढ्याच्या दोन्ही काठांची पट्टी सोडावी. तेथे गवत, बोर, बाभूळ, करंज वाढू द्यावे. मातीही अडेल.

२. तारेचे कुंपण घालताना ओढ्याच्या तोंडाशी वाट मोकळी ठेवावी. विजेच्या खांबावरून थेट प्रवाह कुंपणात कदापि सोडू नये. त्याने माणसेही मरतात व तो गुन्हा आहे.

३. शेतातील उघड्या विहिरीस कठडा बांधावा.

४. गावाजवळ रस्ता वा कालवा होत असेल, तर मोजणीच्या वेळीच पशू कोठून ये-जा करतात ते नकाशावर दाखवून ग्रामसभेचा ठराव करावा व मोरीची मापे मागावीत. भराव पडल्यानंतर हे काम फार महाग होते.

५. पिकाची नासाडी झाल्यास विलंब न करता वनखाते, तलाठी व कृषी सहाय्यक ह्यांस कळवून पंचनामा करून घ्यावा. काळवीट १९७२ च्या कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिलेला पशू आहे. त्यास मारल्यास कैद आहे, आणि भरपाईचा मार्ग कायदेशीर आहे.

हे काम एका खातेदाराने होणारे नाही. एकाने पट्टी सोडली व शेजाऱ्याने नांगरली, तर वाट बांधावरच संपते. म्हणून येत्या उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी रान रिकामे असताना, एकाच ओढ्यावरील चार-सहा खातेदारांनी एकत्र बसावे, गावनकाशा पुढे ठेवावा, व ओढ्याची मूळ रुंदी पाहून खुणा रोवाव्यात, अशी आमची शेतकरीबंधूंस विनंती आहे.