आबांची सही

आबा शेतकरी आहेत. त्यांची मुलगी शहरात दवाखान्यात परिचारिका आहे. तिने आपला नवरा स्वतः पसंत केला. मुलगा दुसऱ्या जातीचा. आबांना हे लग्न पसंत नव्हते.

एके रात्री आबा माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, या लग्नाला हरकत घ्यायचीय. अर्ज लिहून द्या."

मी म्हणालो, "आबा, बसा. आधी कायदा ऐका. १९५४ साली विशेष विवाह कायदा झाला. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पुरी हवीत. विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत लावतात. ३० दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. पण कारण कायद्यातले हवे. वय कमी आहे, पहिले लग्न मोडलेले नाही, फार जवळचे नाते आहे, अशी कारणे चालतात. जात वेगळी, हे कारण चालत नाही. मुलगी सज्ञान आहे. आईबापांची संमतीही लागत नाही."

"मग बाप लागतो कशाला?" आबा एकदम बोलले.

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने आबा हळू आवाजात म्हणाले, "भावकी म्हणते, पोरीचं नाव टाक. रागात मीही बोललो, तू आम्हाला मेलीस. पण झोप लागत नाही. माझ्या दुखण्यात तीच रात्र रात्र उशाशी बसली. मला सही तिनंच शिकवली, पाटीवर हात धरून. राग येतो, गुरुजी, आणि जीवही तुटतो. उद्या तिला त्रास झाला, तर ती कुणाच्या दारी जाईल?"

मी म्हणालो, "बाप त्यासाठी लागतो, आबा. लग्न पसंत नाही, हे तिला खुशाल सांगा. पण दार लावू नका. आणि या लग्नात तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात."

आबा काही न बोलता उठून गेले.

लग्नाच्या दिवशी ते कचेरीत आले. जावयाशी बोलले नाहीत. कागद पुढे आला, तेव्हा तिसऱ्या जागी त्यांनी सावकाश सही केली. मुलीला म्हणाले, "दिवाळीला ये." दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "दोघं या."

आबांचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण घराचे दार उघडे आहे.

प्रश्न
१. हरकतीला कोणती कारणे चालतात?
२. आबांना झोप का लागत नव्हती?
३. तुम्ही आबांच्या जागी असता, तर काय केले असते?